मादी क्रमांक तेरा

नाई नाई, सुरुवातीपासून नका वाचू. सरायची गरिबी, सायकल, कंदिलावरचा अभ्यास, ते सप्पा समजलं मले. ती अपघाताची ओळ वाचा पुन्हा, तेवढीच — हं — 'चंद्रपूर-मूल रस्त्यावरील भीषण अपघातात सरांच्या मस्तकास गंभीर इजा झाली, सोबतची विद्यार्थिनी मात्र सुखरूप बचावली.' कोणं लिवलं हे? तुम्ही? — म्हणजे सरायनं सांगितलं अन् तुम्ही उतरवून घेतलं. बरं. ते सोबतची विद्यार्थिनी म्हणजे मी, हे तर मालूम आहे ना तुम्हाले? आहे. म्हणूनच आले. बसा मंग, उभे काऊन, त्या स्टुलावर बसा, भिंतीकडून टेकून बसा, त्याचा एक पाय हालते. चंद्रपुरातून इतक्या लांब चामोर्शीले आले तुम्ही, कॉलेजची जीप घेऊन, एका मेडिकलवालीची एक पानभर आठवण पाहिजे म्हणून — गुणवंतराव सर रिटायर होऊन राह्यले, गौरवअंक निघून राह्यला, अन् त्यात त्यायच्या हाताखाली संशोधन केलेल्या एका बाईच्या हातचं चार ओळी कौतुक पाहिजे. चांगलं आहे. मी काई नाई नाई म्हटलं. पण पहिले तो 'सुखरूप' शब्द काढा.

थांबा एक मिनिट, हे आजोबा उभे आहेत कवाचे. — कमरेची ना? देते. — पाहा भूपेश सर, ही गोळी मी रोज विकते, पाकिटाचा रंग बी पाठ आहे, तरी नाव वाचते, पुन्हा वाचते, चिठ्ठीवर बोट ठेवून वाचते, मंगच देते. गिऱ्हाईक हासतात. बाई नवीन आहे का म्हणतात. नवीन कुठची, सात वर्षं झाली दुकान टाकून. आधी असं नव्हतं माहं. माहे बाबा माजरीच्या कोळशाच्या खाणीत होते, त्यायचे दोस्त घरी आले का बाबा मले उभी करत, सत्यशीला, पाढे म्हण — एकोणतीसचा पाढा मी उलटा म्हणू शकत होती, खालून वर. आता उद्या कोणता वार आहे ते मले कॅलेंडर पाहून सांगा लागते. — घ्या आजोबा, जेवण करून घ्या, उपाशीपोटी नका घेऊ. — तर काय म्हणत होती मी? हं, आठवण. सरायची आठवण. आठवणीचंच तर वांधं आहे.

तुम्ही आले कॉलेजात तवा ती उंदरायची खोली बंद झाली असन. आता तिथी कॅन्टीन आहे म्हणतात? — बरं झालं. माह्या टाइमले तिथी पांढरे उंदीर होते, पिंजऱ्याच्या रांगाच्या रांगा, एका भिंतीले नर, दुसऱ्या भिंतीले माद्या, अन् पत्रूभाऊ त्यायले पाहत. सरायचा विषय डोक्याचा मार. डोकं फुटलं, रक्त आलं, तर कोणालेबी दिसते. पण फुटलं नाई, सुजलं नाई, माणूस उठून बसला, तरी आत मार असते — तो कसा ओळखाचा? तर मेंदूत काई प्रथिनं असतात, ते मेंदूतच राहाची, बाहेर यायची नाई. आत मार लागला का ते रक्तात उतरतात. आम्ही एस-हंड्रेड म्हणून एक प्रथिन पाहत होतो. रक्त घ्याचं, वरचं पाणी वेगळं काढाचं, त्या छोट्या छोट्या खड्ड्यायच्या प्लेटमध्ये टाकाचं, अन् रंग येऊ द्याचा. पिवळा रंग. जेवढा मार तेवढा पिवळा. मले तर हे ऐकूनच वेड लागलं होतं हो. रक्त खोटं नाई बोलत, असं सर पहिल्या दिवशी बोलले — हे लिवा तुमच्या अंकात, हे त्यायचंच वाक्य आहे अन् चांगलं आहे.

अन् मार कसा द्याचा? नळाचा प्लास्टिकचा पाइप उभा बांधला होता, बल्लारपूरच्या लेथवाल्यानं एक पितळी वजन करून देलं होतं, बोटाएवढं. उंदीर ईथरनं झोपवाचा, स्पंजवर ठेवाचा, वरून पाइपातून वजन सोडाचं. टक. बस. तेवढाच आवाज. सोडाचं काम माहं होतं. नाई, तसे नका पाहू, मी काई पापाची गोठ नाई सांगून राह्यली, त्या कामातून उद्या कोणाचा जीव वाचन असं मले पक्कं वाटत होतं, अजूनबी वाटते. गोठ वेगळी आहे. नर झोपेतून उठत, तर गुंगीत असल्यासारखे पडून राहत कोपऱ्यात, पाण्याकडं बी जात नव्हते. माद्या उठत अन् कामाले लागत. खरंच. मिशा साफ करत, भुसा गोळा करत, घरटं नीट करत. अन् सरायची पद्धत काय, का मार लागल्यावर उंदराले मार्क देणं. उठला का, चालला का, घरटं बांधलं का. घरटं बांधलं तर पुरे मार्क. म्हणजे माद्या सप्पा पास. सर म्हणत, पाहा सत्यशीला, मादीले निसर्गानंच वाचवलं आहे, तिले लागतच नाई फारसं. आम्ही ते मार्क देत गेलो, देत गेलो, कोणाच्या डोक्यात आलं नाई का ते बांधून काय राह्यल्या ते तर पाहावं.

एक मादी होती, पत्रूभाऊच्या ध्यानात आलं नाई, गाभण होती ती, पिंजऱ्यातच व्याली. तिलेबी मार देला होता दुसऱ्या दिवशी — आता देला तर देला. उठली अन् पिलं तोंडात धरून घरट्यात नेऊन ठेवू लागली. सर आले, पाहून खूश झाले, दोन पाहुण्यायले बी दाखवलं, पाहा आईपण कसं असते. गेले चहाले. मी अन् पत्रूभाऊ तिथीच होतो. तिनं सारी पिलं आत ठेवली, मंग तीच पिलं बाहेर काढली, मंग पुन्हा आत. पुन्हा बाहेर. सांज झाली तरी तेच. एकालेबी दूध पाजलं नाई. पत्रूभाऊ म्हणे, बाई, हिचं काम चालू आहे पण ही घरी नाई. मी सरायले सांगितलं. सर म्हणाले, तिची काळजी आहे ती.

आता अपघाताचं. तुमच्या कागदावर भीषण लिवलं आहे, तेवढं भीषण नव्हतं काई. निन्यानऊचा हिवाळा. सरायचं गडचिरोलीले भाषण होतं, मले स्लाइडचा डबा धराले नेलं होतं. वापस येताना जीप सर सोताच चालवत होते, ड्रायव्हरले मागं बसवलं, त्यायले शौक होता. मी समोर, सरायच्या बाजूले. मूल गावच्या पुढं जंगल लागते ना, तिथी नीलगाय आडवी आली. सरायनं गाडी एकदम वळवली, ती सिधी सागाच्या झाडाले. सरायचं डोकं स्टिअरिंगले, माहं समोरच्या लोखंडी दांडीले. एकच जीप, एकच झाड, एकच धक्का. एक नर, एक मादी. प्रयोगच झाला तो — हासू नका, मी बी तवा असाच विचार केला, शप्पथ, डोकं बधिर होतं, कानात शिट्टी वाजत होती, अन् मनात आलं का आता सहा घंट्यानं रक्त घेतलं पाहिजे.

सर जीपमध्येच बसून राह्यले, एकच विचारत, प्रोजेक्टर कुठी आहे. मी उतरली. मी उठली अन् कामाले लागली, समजलं का तुम्हाले? सरायचा चष्मा शोधला, ड्रायव्हरच्या मदतीनं त्यायले मागं निजवलं, ओढणी भिजवून कपाळावर ठेवली, ट्रक थांबवला. चंद्रपूरच्या दवाखान्यात बी मीच सांगितलं डॉक्टरले कसं काय झालं ते. सरायले लगेच नागपूरले पाठवलं, डोक्याचा फोटो काढाले. मले डॉक्टर म्हणे, बाई, तुम्ही चालून राह्यल्या, बोलून राह्यल्या, तुम्हाले काईच नाई, घरी जा, झोपा. दोन गोळ्या देल्या. कपाळावर उलसंकसं टेंगूळ, केसाखाली झाकून गेलं. कोणाले दिसणार?

मी घरी नाई गेली. सकाळी उंदरायले मार देऊन निघालो होतो आम्ही, त्यायचं रक्त घ्याची वेळ होऊन राह्यली होती, ती चुकली असती तर सारी तुकडी फुकट. सिधी उंदरायच्या खोलीत गेली. पत्रूभाऊनं एक एक धरला, मी रक्त घेत गेली. मधातच पत्रूभाऊ म्हणे, बाई, ह्या पिंजऱ्याचं तर झालं ना आपलं. मी म्हटलं कवा झालं? तो म्हणे आत्ताच. मले काईच आठवलं नाई. काईच म्हणजे काईच. तेराव्या नंबरची मादी सकाळी ईथरखालीच गेली होती, तिची नळी रिकामी होती, समोर उभी. मी ओढणी दंडाले बांधली, दातानं गाठ ओढली, अन् माहं सोताचं रक्त घेतलं. त्या नळीत भरलं. नंबर होताच तिच्यावर. — काऊन म्हणजे? तुम्ही नसतं पाह्यलं? रक्त खोटं बोलत नाई म्हणून शिकवलं होतं मले. रक्त तपासाची किट तर माणसाचीच होती, उंदराले बी चालते म्हणून आम्ही वापरत होतो. पत्रूभाऊ घाबरला, म्हणे हे काय करून राह्यल्या बाई. मी म्हटलं, विचारून राह्यली. दुसऱ्या कोणाले विचारू.

थांबा, हे तुमच्या अंकासाठी नाई हं. हे मी उगाच सांगून बसली. असंच होते माहं, एक धागा धरला का तो सोडताच येत नाई. कागद बंद करा. — नाई लिवून राह्यले? बरं.

घरी गेली, सैपाक केला. वरण केलं, जेवलो आम्ही, अन् भांडे घासून झाल्यावर मी पुन्हा वरण टाकलं. आमचे कुलदीप गुरुजी — माह्ये मालक, जिल्हा परिषदेच्या शाळेत — ते म्हणाले, पाहुणे येऊन राह्यले का कोणी? मी हो म्हटलं. लाज वाटली. तवापासून हो म्हणाची सवय लागली. पुढं पुढं डोकं असं दुखे का उजेड सहन होत नव्हता. वास तर गेला तो गेलाच. मोहफुलं पडतात तवा सारं गाव वासानं भरून जाते म्हणतात, मले काईच नाई, गॅस चालू राह्यला तरी समजत नाई. अन् राग. बारक्या बारक्या गोठीचा राग. भांडं पडलं का राग, कोणी दोनदा विचारलं का राग.

तिकडं सरायले बी राग येत होता बरं. दोन महिने सुट्टीवर होते, आम्ही सारे भेटाले जात होतो, पेंडखजूर, संत्री घेऊन. सर कोणावरबी ओरडत, नावं विसरत, एक दिवस सरायनं माह्याच अंगावर पेला फेकला. सरायच्या बाईसाहेब बाहेर आल्या, मले हळूच म्हणाल्या, मनावर घेऊ नको गं, त्यांच्या डोक्याला मार लागला आहे. मी नाई घेतलं मनावर. कोणीच घेत नव्हतं. सारे त्यायच्यासमोर हळू बोलत, दार हळू लावत. अन् त्याच दिवशी सांजचे मी घरी पाण्याचा गिलास आपटला तर सासू म्हणे, पीएचडीचा गरमपणा आहे. कुलदीप म्हणे, तुहा स्वभावच असा होता का पहिल्यापासून, मलेच नाई समजला? आता सांगा भूपेश सर. एकाच जीपमधून उतरलो आम्ही. त्यायचा तो मार, अन् माहा तो स्वभाव.

सर वापस आले, मंग प्लेट लावली. तोवर साऱ्या नळ्या बर्फात होत्या, माही बी. रंग आला. मले अजून दिसते ती प्लेट. नरायच्या रांगा पिवळ्या, माद्यायच्या फिक्या, अन् त्या फिक्यायच्या मधात एक घर असं पिवळंजर्द का साऱ्या नरायच्या वर. तेरा नंबर. मी पाहतच राह्यली. सांगू तुम्हाले, मले आनंद झाला. खरंच. दोन महिने जे माहं कोणी मानून नाई राह्यलं होतं ते तिथी लिवून आलं होतं. मी येडी नाई, मी भांडखोर नाई, मले लागलं आहे. सर माह्या बाजूलेच बसले होते. पेन्सिल घेतली अन् तेरा नंबरवर फुली मारली. म्हणे, मादीचा एवढा येऊच शकत नाई, नळीत काई पडलं असन, काढून टाक. मी म्हटलं, सर, ते रक्त माहं आहे. अपघाताच्या दिवशीचं.

मले वाटलं आता विचारतील, सत्यशीला, तुले काई होते का? एवढंच विचारलं असतं ना, बस, मी दुसरं काई नव्हती मागत. सर उठले, दार लावलं, अन् म्हणाले, 'हे कोणाला कळलं तर तुझी पीएचडी जाईल, माझं नाव जाईल. उंदराच्या कामात स्वतःचं रक्त घालतेस, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?' — नाई ना सर, नाई ठिकाणावर, तेच तर दाखवून राह्यली. पण हे आता सुचते. शब्द तवाबी असेच पळत होते. मंग सर म्हणाले, माद्यायचं सारंच गडबड आहे, त्यायचे आकडे एकसारखे येत नाईत, आपण फक्त नरावर लिहू. अन् साऱ्या माद्या काढून टाकल्या. माह्यासाठी केलं म्हणाले. तुले वाचवासाठी.

माहं काम तिथीच संपलं. कोणी काढलं नाई मले, कागदावर मीच सोडलं. आकडे डोक्यात राहत नव्हते, बेरीज मधातच हारपे, सर बाहेर सांगत, पोरगी हुशार होती पण स्वभाव तापट, टिकली नाई. तेच चाललं मंग, चंद्रपुरात बी तेच, सासरी बी तेच. कुलदीप गुरुजी आता सिरोंच्याले आहेत. बदली झाली म्हणून सांगते मी लोकायले. सिरोंच्याची बदली लोकायले शिक्षा म्हणून भेटते हो, एवढ्या दूर, तिकडं भाषा बी अर्धी तेलुगू — यायनं अर्ज करून मागून घेतली. मले त्यायच्या हेडमास्तरनं सांगितलं, त्यायले वाटलं मले मालूम आहे. मी हो म्हटलं. — हे बी नका लिवू. दिवाळीले येतात ते. येतात तसे.

अन् आता तुमच्या ह्या कागदात काय आहे? 'नर व मादी या दोहोंच्या मेंदूचा विचार करणारे विदर्भातील आद्य संशोधक.' वा. आता जमाना बदलला, आता बाहेर विचारतात ना, माद्या कुठी आहेत तुमच्या, तर आता सरायले माद्या आठवल्या. घेऊ द्या. ते मले नाई पाहिजे, आद्य म्हणा, महर्षी म्हणा, मी त्याच्यावर बोट बी नाई ठेवत. मी एक पानभर चांगलं लिवून देते, शिकवाचे चांगले, ते खरंच आहे, कोणालेबी वर्गातून हाकललं नाई कधी, उंदीर मेला तर दोन मिनिटं गप बसत — सप्पा लिवते. फक्त ती एक ओळ. दोघांच्याबी डोक्याले मार लागला. एवढंच. माहं नाव बी नका टाकू, सोबतची विद्यार्थिनीच राहू द्या. तो अंक मी सिरोंच्याले पाठवीन. सासूले वाचून दाखवीन. छापलेलं आहे म्हटलं का लोक मानतात, माह्या तोंडचं नाई मानत.

काय? — सरायले विचारा लागन. हो, तर विचारा ना. मोबाइल आहे ना तुमच्यापाशी, इथी रेंज येते, दुकानाच्या बाहेर त्या कडुलिंबापाशी उभे राहा. — नाई? पान छपाईले गेलं आधीच? अन् मंग मले वाचून काऊन दाखवलं? — बरं. खूश होईन म्हणून. 'सुखरूप' हा शब्द वाचून मी खूश होईन.

थांबा. कोण आहे? — काय पाहिजे भाऊ? डोकेदुखीची गोळी. कोणाले? — बायकोले. काय झालं तिले? नाई, ट्रॅक्टर चालू राहू द्या, काई घाई नाई, पहिले सांगा काय झालं. — ट्रॉलीतून पडली. कवा? आत्ता, फाट्यावर. गचका बसला अन् मागून खाली आली. कुठी लागलं? — डोक्याले, मागून. रक्त नाई. उठली लगेच, सोताच चढली वापस. हं. मार्कंड्याच्या जत्रेले चालले तुम्ही सारे. नाव काय भाऊ तुमचं? मुखरूभाऊ, गोळी देते मी, पण तिले इकडं आणा पहिले. — आणा हो, पाच मिनिटात महादेव कुठी जात नाई. ये बाई. सावलीत ये. पिशवी दे त्यायच्याजवळ. — धरूनच राहाची आहे? राहू दे. नाव काय तुहं? मैना. गाव? बरोबर आहे का मुखरूभाऊ? बरोबर. कुठी चालली? जत्रेले. बरोबर. पिशवीत काय आहे? नारळ, पोराचे कपडे, भाकरी. पाहा, सारं सांगून राह्यली. हासून बी राह्यली. अन् पडली कुठी गं तू, मैना?

ऐकलं, भूपेश सर? 'कोण पडलं' म्हणते.

नाई मुखरूभाऊ, दमली नाई ती. मंगाशी तिनं पिशवीतून नारळ काढला अन् वापस ठेवला, तुमच्या ध्यानात आलं? आता पुन्हा काढून राह्यली. तिले गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात न्या लागते, आत्ताच, अन् ट्रॉलीत नाई, ट्रॉलीचे गचके तिले आता चालणार नाईत. — जीप आहे ना. भूपेश सर, तुमची जीप आहे बाहेर. घंट्याभराचं काम आहे. मैनाले मागं निजवा, मुखरूभाऊ सोबत बसते, मी बी येते, डॉक्टरले मी सांगते काय झालं ते. अंकाचं राहू द्या. मी लिवून देईन तुम्हाले, सुखरूप म्हणा नाईतर काईबी म्हणा, सही करून देते, आधी गाडी काढा. उठा.

काय म्हटलं?

पुन्हा म्हणा. — 'ह्या तर चांगल्या दिसून राह्यल्या, मॅडम.'

बरं.

ते स्टूल सोडा तेवढं. मैनाले बसू द्या. भिंतीकडून टेक बाई, त्याचा पाय हालते. — नाई, काई रागावली नाई मी. तुम्हाले छपाईवाल्याकडं जायचं आहे, उशीर होऊन राह्यला, निघा तुम्ही. कागद घेऊन जा तुमचे. मुखरूभाऊ, त्या कोपऱ्यावर काळीपिवळी टॅक्सी उभी आहे ना, तिले आवाज द्या, म्हणा मेडिकलवाली बाई म्हणते सवारी भरू नको, सारी गाडी आमची. अन् बाकीच्या मंडळीले म्हणा तुम्ही व्हा पुढं. शटर ओढते मी. — अजून उभेच भूपेश सर? जा.

मैना, डोळे नको लावू. माह्याकडं पाह्य. घरी कोण कोण आहे तुह्या? हं. अन् लहाना? सांग, काईबी सांग, तेच तेच सांगितलं तरी चालते. मी ऐकून राह्यली.